घरातल्या खाटेची तपासणी कोण करणार?

वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तींची घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्थांना नोंदणीच्या कक्षेत आणू पाहणारे केंद्र सरकारचे विधेयक २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले. त्याची फारशी चर्चा झाली नाही. मात्र ज्या घरांमध्ये एखादी आया, एखादा वॉर्डबॉय किंवा एखादी परिचारिका रोज बारा तास वावरते, त्या घरांचा एक मूलभूत प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला. या सेवेचा दर्जा तपासण्याचा अधिकार आणि जबाबदारी कोणाची?

छत्तीसगडमधील भिलाई शहरातील कोहका या वस्तीचे उदाहरण या संदर्भात बोलके ठरते. सुपेल्याच्या पलीकडे, राष्ट्रीय महामार्गाच्या उत्तरेला पसरलेली ही वस्ती पोलाद कारखान्याच्या आखीव नगराचा भाग नाही. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून भिलाईचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यानंतरच्या तीन दशकांत देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे नोकरीला आली. कारखान्याच्या नगरात रुंद रस्ते, शाळा, बाजार आणि सेक्टर ९ मधील मोठे रुग्णालय अशी व्यवस्था होती. निवृत्तीनंतर कंपनीचे घर सोडावे लागले तेव्हा अनेकांनी गावी परत न जाता शहराच्या इतर भागांत घरे बांधली. त्या पिढीतील लोक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची मुले शिकून पुणे, बंगळूर, हैदराबाद अथवा परदेशात स्थिरावली आहेत.

या मंडळींमध्ये मराठी कुटुंबेही आहेत. दुर्ग जिल्हा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता आणि मुंबई–हावडा लोहमार्गाने नागपूर येथून अवघ्या अडीचशे किलोमीटरांच्या आसपास आहे. त्यामुळे या भागातील मराठी वस्ती कारखान्याहूनही जुनी आहे.

मुले दूर, आई-वडील एकटे आणि त्यांतील एकाला पक्षाघात झालेला किंवा स्मृतिभ्रंश जडलेला, अशा परिस्थितीत कुटुंबाला आधार वाटतो तो स्थानिक ब्युरोचा. महानगरांत गेल्या दशकात घरपोच शुश्रूषा पुरविणाऱ्या मोठ्या कंपन्या आल्या. मध्यम शहरांतील उपनगरांत मात्र हे काम बहुधा लहान ब्युरोंच्या हाती असते. एखादी अनुभवी परिचारिका किंवा रुग्णालयातून बाहेर पडलेला कर्मचारी, एक-दोन खोल्यांचे कार्यालय, एक दूरध्वनी, एक वही आणि दहा-पंधरा माणसे एवढाच त्याचा पसारा असतो. अशा सेवेविषयी तुच्छता बाळगण्याचे कारण नाही. रात्री अकरा वाजता माणूस हवा असेल तर मोठ्या कंपनीच्या चौकशी कक्षापेक्षा हाच दूरध्वनी लवकर उचलला जातो. अडचण आहे ती दर्जाची खात्री करून घेण्याची.

कायद्याला खाट दिसते, पण रुग्णालयातली

भारतातील आरोग्यसेवाविषयक कायद्यांची रचना इमारतीभोवती झालेली आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. केंद्राने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा आणि नियमनाचा कायदा केला. छत्तीसगडने त्याच वर्षी उपचर्यागृहे व रोगोपचार आस्थापनांच्या परवान्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. व्यवहारात तो ‘नर्सिंग होम अ‍ॅक्ट’ या नावाने ओळखला जातो. या सर्व कायद्यांखालील तपासणीत खाटांची संख्या, खोलीची जागा, उपकरणे, कर्मचारी, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट आणि अग्निसुरक्षा या बाबी प्रामुख्याने पाहिल्या जातात. तपासनीस इमारतीत जातो, मोजमाप घेतो आणि अहवाल लिहितो.

घरपोच सेवा देणाऱ्या ब्युरोकडे मोजण्यासारखी खाटच नसते. खाट रुग्णाच्या घरात असते, औषधे कुटुंबाने आणलेली असतात आणि ऑक्सिजनचे यंत्र भाड्याने घेतलेले असते. ब्युरो पुरवितो ती केवळ माणसे. त्यामुळे आरोग्य खात्याच्या दृष्टीने ही मनुष्यबळ पुरविणारी संस्था ठरते.

कामगार कायद्यांकडे वळावे, तर तेथेही चित्र स्पष्ट नाही. छत्तीसगडने २०१३ मध्ये घरगुती कामगार पुरविणाऱ्या खासगी संस्थांच्या नियमनाचा कायदा केला. राज्यातील आदिवासी भागांतून मुलींना कामाच्या आमिषाने महानगरांत नेऊन त्यांचे शोषण होत असल्याच्या तक्रारी त्यामागे होत्या. कायद्याचा हेतू स्तुत्य होता; पण तो कामगाराच्या संरक्षणासाठी होता. रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, अन्ननलिकेतून खाऊ कसे घालावे, याचा विचार त्यात असण्याचे कारण नव्हते. शिवाय रुग्णाला आंघोळ घालणारी, औषध देणारी आणि रात्रभर जागणारी स्त्री घरकामगार समजायची की आरोग्यसेवक, हा प्रश्न उरतोच. दोन खात्यांच्या सीमारेषेवर असलेल्या कामाची दखल बहुधा दोन्ही खाती घेत नाहीत.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा मुख्यतः मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देण्यासाठी आहे. त्यात वृद्धाश्रमांचा उल्लेख आहे, घरी येणाऱ्या सेवेचा नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला होता. मंत्रिमंडळाने विधेयकाला मंजुरी दिली तेव्हाच वृद्धांसाठीच्या निवासगृहांबरोबर घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचा उल्लेख करण्यात आला होता. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले, समितीने जानेवारी २०२१ मध्ये अहवाल दिला आणि पुढे तीन वर्षे काहीच घडले नाही. दरम्यानच्या काळात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, दुर्ग हा छत्तीसगडमधील सर्वाधिक बाधित जिल्ह्यांपैकी एक होता. रुग्णालयांत जागा नव्हती आणि घरातील खोलीचाच कक्ष झाला होता. घरच्या खाटेकडे कायद्याने पाहावे, यासाठी याहून सबळ निमित्त मिळणे कठीण होते.

विम्याचीही तीच दृष्टी आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आहे. ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. महिनोन्महिने घरी येणाऱ्या आयेचा पगार कुटुंबालाच द्यावा लागतो. ज्या खर्चात सरकारचा किंवा विमा कंपनीचा पैसा नसतो, त्याच्या दर्जाविषयी विचारणा करणाराही कोणी नसतो. रुग्णालयांच्या बाबतीत निदान देयक मंजूर करणारा एक त्रयस्थ असतो; येथे तोही नाही.

तपासायचे म्हणजे नेमके काय?

इमारत नसलेल्या सेवेची तपासणी करताच येत नाही, असे मानणे चुकीचे ठरेल. इंग्लंडमध्ये २००८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेला काळजी गुणवत्ता आयोग एप्रिल २००९ पासून हे काम करीत आहे. आंघोळ, शौच, खाणे अशा शारीरिक बाबतींत घरी मदत करणाऱ्या प्रत्येक संस्थेला तेथे नोंदणी करावी लागते. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, गरजेनुसार बदलते का आणि तिचे व्यवस्थापन नीट आहे का, या पाच प्रश्नांभोवती अहवाल लिहिला जातो आणि तो जनतेला पाहता येतो.

लहान संस्थांच्या बाबतीत तेथील एक प्रथा लक्षात घेण्यासारखी आहे. रुग्णालयावर न कळविता धाड घालता येते; लहान घरपोच सेवेला मात्र तपासनीस बहुधा एक-दोन दिवस आधी सूचना देतात. कारण व्यवस्थापक स्वतःच कोणाच्या तरी घरी कामावर गेलेला असू शकतो आणि कार्यालयाला कुलूप असू शकते. तपासनीस कार्यालयात नोंदी पाहतात, कर्मचाऱ्यांशी बोलतात, रुग्णांना व नातेवाइकांना दूरध्वनी करतात आणि संमती असेल तरच घरी जातात. एखाद्या संस्थेकडे एखाद-दुसराच रुग्ण असेल, तर पुरेसा पुरावा नाही म्हणून श्रेणी न देण्याचा मार्गही असतो. ही नम्रता महत्त्वाची आहे. दोन घरांवरून काढलेली श्रेणी म्हणजे बहुधा त्या दोन घरांची श्रेणी असते.

इंग्लंडची व्यवस्था आदर्श आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. डॉ. पेनी डॅश यांनी २०२४ मध्ये सादर केलेल्या आढाव्यात या आयोगावर कठोर टीका करण्यात आली. आयोगाच्या कक्षेतील सुमारे पाचांपैकी एका ठिकाणाला कधीच श्रेणी मिळालेली नव्हती आणि काही श्रेणी अनेक वर्षे जुन्या होत्या, असे त्यातून पुढे आले. श्रीमंत देशातील पूर्णवेळ यंत्रणेची ही स्थिती असेल, तर दुर्गसारख्या जिल्ह्यात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या कार्यालयावर आणखी शेकडो घरांच्या तपासणीचा भार टाकून काय साधेल, याचा विचार आधी व्हायला हवा.

म्हणूनच तपासणीत काय पाहायचे, हे यंत्रणेपेक्षा महत्त्वाचे ठरते. कोहक्यातील एखाद्या काल्पनिक घराचा विचार करून पाहता येईल. ऐंशी वर्षांचे निवृत्त कर्मचारी, उजव्या अंगाला पक्षाघात, मूत्रनळी लावलेली, मधुमेहासाठी दोन वेळा इन्सुलिन. घरात पंचाहत्तरीची पत्नी. दिवसा एक आया, रात्री दुसरी. टेबलावर एक वही. या घरात दर्जाचा पहिला पुरावा त्या वहीत सापडतो, पण वरवर पाहून नव्हे. सात दिवसांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात आणि एकाच दमात लिहिल्यासारख्या असतील, तर त्या तशाच लिहिलेल्या असण्याची शक्यता अधिक. रक्तदाब रोज १२०-८० भरत असेल, तर यंत्र कपाटात बंद आहे असे समजायला हरकत नाही. पहाटे दोन आणि चार वाजता रुग्णाला वळविल्याची खूण रोज न चुकता असेल आणि माकडहाडावरची त्वचा मात्र लाल झालेली असेल, तर त्वचेवर विश्वास ठेवावा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या शुश्रूषेचा खरा अहवाल त्याच्या पाठीवर, टाचांवर आणि नितंबांवर लिहिलेला असतो. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, चादर कोरडी आणि सुरकुत्यांविना ठेवणे, एवढ्या गोष्टी सातत्याने झाल्या तर बहुतेक दाबव्रण टाळता येतात. न झाल्या तर काही दिवसांत जखम होते आणि ती भरून येण्यास महिने लागतात. जखम खोल गेली तर जंतुसंसर्ग रक्तात पसरून मृत्यूही ओढवू शकतो. अशा मृत्यूची नोंद वृद्धापकाळ म्हणून झाली, तर कोणाला त्यात वावगे वाटत नाही.

इतर खुणाही साध्या आहेत. मूत्राची पिशवी मूत्राशयाच्या पातळीपेक्षा खाली, पण जमिनीला न टेकता लटकविलेली आहे का? नळीवाटे अन्न देताना डोक्याकडची बाजू उंच करतात का आणि नंतर अर्धा तास तशीच ठेवतात का? इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे की बर्फाच्या कप्प्यात गोठले आहे? वापरलेल्या सुया जाड झाकणबंद डब्यात जातात की दुधाच्या रिकाम्या पिशवीत? शेवटची बाब रुग्णापुरती नाही. ती पिशवी दुसऱ्या दिवशी सफाई कामगाराच्या हातात जाणार असते. गोळ्यांची पट्टी अशी कापली आहे का, की मुदत संपण्याची तारीखच नाहीशी झाली? आणि रुग्णाचे वजन? ते उतरत असेल, तर ताटातले अन्न पोटात जात नाही, हे वहीत काहीही लिहिलेले असले तरी उघड होते.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी मोठे यंत्र लागत नाही. लागतो तो जाणता डोळा. म्हणून कार्यालयात जाऊन प्रमाणपत्रे मोजणे हा तपासणीचा सोपा, पण दुय्यम भाग आहे. अर्थात प्रमाणपत्रे निरर्थक नाहीत. सहायक परिचारिका दोन वर्षांचा, तर सामान्य परिचारिका तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी करते. रुग्णसेवकांसाठीचे कौशल्य अभ्यासक्रम काही महिन्यांचेच असतात आणि अनेक आयांनी तेही केलेले नसतात. ब्युरो मात्र त्या सर्वांना ‘सिस्टर’ म्हणूनच घरी पाठवितो आणि कुटुंबही फरक विचारीत नाही. सुई टोचणे, मूत्रनळी बदलणे, जखमेची मलमपट्टी करणे ही कामे कोणी करायची आणि कोणी करायची नाहीत, हे ब्युरोने लेखी दिले, तरी अर्धी तपासणी झाली असे म्हणता येईल. घरातल्या घरात ही सीमा रोज ओलांडली जाते. अनेकदा कुटुंबाच्याच आग्रहाने, कारण परिचारिकेचा दर आयेच्या दरापेक्षा बराच जास्त असतो.

भाषेचा प्रश्नही दर्जाचाच

मराठी कुटुंबांच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा आहे, ज्याला कोणत्याही तपासणीपत्रकात जागा मिळालेली दिसत नाही. आयुष्यभर कारखान्यात उत्तम हिंदी बोललेल्या माणसाची नंतर शिकलेली भाषा स्मृतिभ्रंशात आधी मागे पडू शकते आणि तो लहानपणीच्या भाषेत बोलू लागतो, हे डॉक्टरांनी अनेकदा नोंदविले आहे. कोहक्यात येणारी आया छत्तीसगढी आणि हिंदी बोलते. ‘कुशीवर कर’, ‘कळ येते’, ‘घसा कोरडा पडलाय’, ‘लघवीला लागली’ यांतील किती तिला कळेल? आजोबा चिडचिडे झाले आहेत, असा निष्कर्ष काढला जातो आणि झोपेची गोळी वाढविली जाते. वीस-पंचवीस शब्दांची एक यादी देवनागरीत लिहून खाटेजवळ लावणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. हिंदी वाचता येणाऱ्या कोणालाही ती यादी वाचता येते. चांगले ब्युरो असा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारतील, अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

दूर असलेल्या मुलांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे खोलीत बसविलेला कॅमेरा. त्याने चोरी आणि मारहाण यांना काही प्रमाणात आळा बसतो, हे मान्य करावे लागेल. पण कॅमेऱ्याला ओल्या चादरीचा वास येत नाही आणि पाठीखालची जखम दिसत नाही. आंघोळ घालताना आणि कपडे बदलताना तो चालूच राहतो, हा भाग वेगळा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत अधिकार मानले. तो निकाल राज्यसंस्थेविरुद्धच्या अधिकाराचा होता हे खरे. परंतु वडिलांना या कॅमेऱ्याविषयी विचारले होते का, हा साधा प्रश्न त्यामुळे अप्रस्तुत ठरत नाही. सरकारी तपासनीसालाही हाच नियम लागू पडतो. घरपोच सेवेची तपासणी रुग्णाच्या संमतीने होऊ शकते. ती घरावरची झडती होता कामा नये.

आयेची झोप

या सेवेच्या दर्जाविषयीची बहुतेक चर्चा आयेच्या चुकांवर येऊन थांबते. तिच्या परिस्थितीचा विचार क्वचितच होतो. चोवीस तासांच्या कामावर ठेवलेल्या स्त्रीने रात्री दर दोन तासांनी उठून रुग्णाची कूस बदलावी आणि दिवसा स्वयंपाकघरातही हात लावावा, अशी अपेक्षा असते. ती केव्हा झोपते? तिसऱ्या रात्री वहीत खोटी खूण करणारी स्त्री अप्रामाणिक असेलच असे नाही. ती थकलेली असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०११ च्या घरकामगारविषयक करारात आठवड्यातून सलग २४ तास विश्रांतीची तरतूद आहे. भारताने त्या कराराला अनुसमर्थन दिलेले नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा. कुटुंब जी रक्कम ब्युरोला देते, त्यातील किती आयेला मिळते, हे कुटुंबाला सहसा ठाऊक नसते. कपात जास्त असेल तर माणसे टिकत नाहीत; दर पंधरा दिवसांनी नवा चेहरा येतो आणि रुग्णाला कोणती गोळी दह्याबरोबर दिली की उलटी होते, हे ज्ञान जुन्या आयेबरोबर निघून जाते. गेल्या तीन महिन्यांत या घरात किती जणी बदलल्या, हा आकडा प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा अधिक काही सांगतो. त्याच्याच जोडीला दुसरा प्रश्न असा, की आज रात्रीची बाई आली नाही, तर किती वेळात कोण येईल? लहान ब्युरोची खरी कसोटी येथे लागते आणि प्रामाणिक ब्युरो याचे उत्तर ‘कदाचित कोणी नाही’ असेही देतील.

तिच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने खासगी घरालाही कामाचे ठिकाण मानले आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संस्थांतील तक्रारी जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे नेता येतात. लहान ब्युरोंतील किती स्त्रियांना ही समिती माहीत आहे, हे तपासनीसाने विचारायला हवे. भीतीच्या छायेत काम करणाऱ्या व्यक्तीकडून चांगली शुश्रूषा होण्याची शक्यता कमीच.

कडक की हलके?

नियमनाच्या मागणीला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. रुग्णालयांसाठीचे नियम जसेच्या तसे लावले, तर दहा माणसांचा ब्युरो पहिल्याच वर्षी बंद पडेल किंवा पाटी उतरवून काम चालू ठेवील. त्यातली माणसे नाहीशी होणार नाहीत. ती ओळखीपाळखीतून, कोणत्याही नोंदीविना घरोघर जातील. कुटुंबांची अवस्था आहे त्याहून बिकट होईल. मोठ्या कंपन्यांना कडक नियम परवडतात, किंबहुना सोयीचे ठरतात. कोहक्यासारख्या वस्तीत त्या पोहोचतीलच, याची हमी नाही.

त्यामुळे नोंदणी सोपी व नाममात्र शुल्काची आणि तपासणी मोजक्या प्रश्नांची, असा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हे विषय राज्यांच्या सूचीत आहेत. केंद्राच्या विधेयकाची वाट न पाहता छत्तीसगड किंवा महाराष्ट्र आपल्या कायद्यांत घरपोच सेवेचे एक प्रकरण जोडू शकतात. प्रत्यक्ष पाहणी कोणी करायची, याचे एक उत्तर केरळने दिले आहे. कोझिकोड येथे १९९३ मध्ये वेदनाशमन व परिहारक उपचारांची संस्था सुरू झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर राज्याने २००८ मध्ये परिहारक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या माध्यमातून प्रशिक्षित परिचारिका आणि परिसरातील स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी नियमितपणे जातात. ती तपासणी म्हणून सुरू झालेली व्यवस्था नाही. पण घरात ठरावीक दिवसांनी बाहेरचा एक जाणता माणूस येतो, पाठ पाहतो आणि वही चाळतो, एवढ्यानेच बरेच काही बदलते.

छत्तीसगडकडे या बाबतीत स्वतःची परंपरा आहे. २००२ मध्ये येथे सुरू झालेला मितानीन कार्यक्रम हा देशपातळीवरील आशा योजनेच्या आधीचा. वस्तीतील स्त्रीनेच वस्तीच्या आरोग्याची सोबतीण व्हावे, ही त्यामागील कल्पना. वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांना घरी भेट देण्याची तरतूद आहे. मात्र मितानीन आधीच अनेक कामांच्या ओझ्याखाली आहे आणि तिला मिळणारा मोबदला तुटपुंजा आहे. आणखी एक पत्रक तिच्या पिशवीत घालायचे असेल, तर त्यासाठी स्वतंत्र पैसे आणि दाबव्रण ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे लागेल. ते न देता केलेली व्यवस्था पुन्हा एकाच शाईतल्या नोंदींवर येऊन थांबेल.

तोपर्यंत कुटुंबाच्या हाती असलेले साधन म्हणजे ग्राहक कायदा. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्याखालील सेवा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करण्याची मुभा दिली. त्यामुळे ब्युरोचे पैसे स्वतः भरणारी पुण्यातील मुलगी कोहक्यातील सेवेविरुद्ध पुण्याच्या आयोगाकडे जाऊ शकते. त्यासाठी तिच्याकडे कागद हवा. कोणती कामे, किती तास, कोणत्या पात्रतेची व्यक्ती आणि बदली किती वेळात, या चार ओळींचा लेखी करार आणि पैसे भरल्याची पावती, एवढे पहिल्या दिवशी मागून घेतले, तर पुढे उपयोगी पडते. रोख पैसे आणि तोंडी बोलणे असेल, तर आयोगापुढे सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

ज्येष्ठ नागरिकांसाठी केंद्र सरकारने १४५६७ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध केला असून तो २०२१ पासून देशभर चालविला जातो. दुर्लक्ष किंवा छळ होत असल्यास तेथे मदत मागता येते. हा दूरध्वनी सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत उचलला जातो. बारा-बारा तासांच्या पाळ्या लावणाऱ्या ब्युरोंमध्ये रात्रीची पाळी साधारण त्याच सुमारास सुरू होते.